डावीकडची टाकी

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मे महिना संपत आला होता. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा अडला आणि डावा हात, डावा पाय निकामी झाला. वाचा मात्र शाबूत राहिली. भेटायला येणारे सगळे याला नशीब म्हणत. मी स्कॅनचा अहवाल वाचला होता, त्यामुळे मला तसे म्हणता येत नव्हते.

नालवाडीच्या घरी आणल्यावर पहिल्याच जेवणात अहवालातले वाक्य ताटावर दिसले. बाबांनी उजवीकडची भाजी संपवली, पोळीचा उजवा अर्धा भाग खाल्ला आणि विचारले, "आज मीठ नाही वाढलं?" मीठ, चटणी, लिंबाची फोड सगळे वाढलेले होते. ताटाची ती डावी बाजू त्यांच्यासाठी उरलीच नव्हती. डोळे उत्तम होते. डावीकडचे दिसत नाही अशीही त्यांची तक्रार नव्हती, कारण डावीकडे काही असते याचीच नोंद मेंदूने पुसून टाकली होती. जन्मभर पुलगावच्या शाळेत गणित शिकवलेला हा माणूस वर्तमानपत्राचा मथळा मधूनच वाचायला लागे, आणि त्या तुटक्या वाक्यात त्याला काहीही चुकीचे आढळत नसे.

फिजिओथेरपिस्ट बोरगाव मेघेहून स्कूटरवर येई. माझ्याच वयाची, कमी बोलणारी मुलगी. तिने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले की पायात ताकद येईल, पण मान डावीकडे वळली नाही तर त्या ताकदीचा उपयोग नाही. माणूस दाराच्या चौकटीवर आदळेल, पायरीवरून पडेल, त्याला कधीच एकटे सोडता येणार नाही. पहिले काही महिने महत्त्वाचे असतात. पुढे मेंदू आहे तेवढ्यात भागवायला शिकतो. तेव्हा जे दाखवायचे ते डावीकडे ठेवा, असे ती म्हणाली.

आम्ही पलंग फिरवला. टीव्ही डावीकडे नेला. बाबा तो रेडिओसारखा ऐकू लागले. मी डावीकडे बसून बोलले की ते उजव्या भिंतीकडे पाहत उत्तर देत. आवाज कानाला आपोआप मिळत होता, त्यासाठी मान वळवण्याची गरजच पडत नव्हती. म्हणजे जी गोष्ट फक्त पाहूनच मिळते, जी हलते, पण आवाज करत नाही, अशी एखादी हवी होती.

अशी गोष्ट मी एकदाच पाहिली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात माशांची मोठी काचेची टाकी होती. व्हीलचेअर तिच्यासमोरून जाताना एका नारिंगी माशामागे बाबांची नजर मध्यरेषेच्या थोडी पलीकडे गेली होती. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणात मला पुष्कळदा बजावले गेले होते. तरीही मी चार फुटांची टाकी आणली. माझ्याजवळ दुसरे निरीक्षण नव्हते.

टाकी मोठी घेण्यामागे हट्ट नव्हता. लहान भांड्यात पाणी लवकर बिघडते. नवख्या माणसाला मोठे पाणीच सांभाळून घेते. शिवाय मासा उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत बराच वेळ पोहत राहायला हवा होता. भरल्यावर वजन तीन माणसांहून अधिक होणार, म्हणून लोखंडी स्टँड बाबांच्या पलंगाच्या डावीकडे, भिंतीलगत पातळी पाहून बसवला आणि काचेखाली थर्माकोल अंथरला. वाळू इतक्या वेळा धुतली की आई म्हणाली, तांदूळसुद्धा आपण इतके धूत नाही. नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी ड्रममध्ये उघडे ठेवून मग ओतले. फिल्टर इन्व्हर्टरला जोडला. आणि मग मासे आणले नाहीत.

हे कोणालाच समजले नाही. देवळीकडे शेती करणारे काका बाबांना भेटायला आले, टाकीसमोर उभे राहिले आणि आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, पोरगी लय शिकली म्हणे. मासोयाईशिवाय पाणी पाहून राह्यले का तुम्ही सारे?"

मी समजावून सांगितले. मासा श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, आणि त्या अमोनियानेच तो मरतो. नदीत, तळ्यात त्याचा बंदोबस्त जिवाणू करतात. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, तेही विषच. दुसरी जात नायट्राइटचे नायट्रेट करते, ते बरेचसे निरुपद्रवी असते. नव्या टाकीत या दोन्ही जाती जवळजवळ नसतात. त्यांना फिल्टरच्या स्पंजात वस्ती करायला काही आठवडे लागतात, आणि तोवर त्यांना खायला बाहेरून अमोनिया द्यावा लागतो. मी अमोनियम क्लोराइड आणले होते. रोज काचेच्या नळीत थोडे पाणी घेऊन, थेंब टाकून, त्याचा रंग पाहत होते. काका सगळे ऐकून म्हणाले, "म्हणजे तू किडे पाळून राह्यली." तांत्रिकदृष्ट्या त्यांचे फारसे चुकले नव्हते.

टाकीचा आणि बाबांचा वेळ जुळत नव्हता. घाई करून मासे सोडले असते तर ते बाबांच्या उशाशी मेले असते. वाट पाहावी तर फिजिओथेरपिस्टने सांगितलेले महिने सरकत होते. बाबा रिकाम्या पाण्याकडे पाहत नव्हते, आणि त्यांनी का पाहावे? मधल्या काळात आईने आपला उपाय शोधला होता. बाबांचे अर्धे जेवण झाले की ती ताट हळूच फिरवून देई, म्हणजे उरलेले उजवीकडे येई आणि ते पोटभर जेवत. मी तिला थांबवले. त्यांना शोधू दे, म्हटले. ती म्हणाली, "उपाशी माणसाले काय शोधायले लावतं तू?" त्यानंतर ती माझ्यासमोर ताट फिरवत नसे, एवढाच फरक पडला.

पुण्याच्या संशोधन संस्थेत मला पीएच.डी.ची जागा मिळाली होती. तिथल्या मार्गदर्शकांनी एकदा मुदत वाढवून दिली. दुसऱ्यांदा मागणे मला योग्य वाटले नाही. ती जागा मी सोडली. घरात यावर चर्चा झाली नाही.

जुलैच्या मध्यावर अमोनिया सकाळी टाकला की संध्याकाळपर्यंत शून्यावर येऊ लागला. नायट्राइटचा गडद जांभळा रंग फिकट होत होता. दुसरी जात वस्तीला आली होती. आणखी आठवडाभराने मासे आणता येतील, असा माझा हिशेब होता. त्या दिवशी बाबांच्या औषधांसाठी मी गावात गेले आणि परत आले तेव्हा दाराशीच पाणी वाहताना दिसले.

खोलीत टाकी कोरडी होती. तळाची वाळू बादलीत काढलेली, काचा साबणाने घासून कापडाने पुसलेल्या, फिल्टर उघडा. स्पंज दोरीवर होते. मी हात लावला तर ते गरम होते.

"उकळले," आई स्वयंपाकघरातल्या पातेल्याकडे हात करून म्हणाली. "मोठ्या गंजात. चांगली घाण निघाली." तिच्या साडीचा घोळ भिजलेला होता आणि चेहऱ्यावर काम संपवल्याचे समाधान होते.

झाले होते ते असे. डास होऊ नयेत म्हणून साठवलेले पाणी ओतून भांडी कोरडी करायचा, आठवड्याचा कोरडा दिवस होता. आरोग्य केंद्राची आशाताई घरोघरी कूलर, रांजण, कुंड्या पाहत फिरत होती. आमच्याकडे तिने खोलीत डोकावले, माशांशिवाय भरलेली टाकी पाहिली आणि आईला डेंग्यूबद्दल सांगितले. पाणी सतत हलते आहे, हलत्या पाण्यात डास अंडी घालत नाहीत, हे सांगायला मी घरात नव्हते. पण खरे तर आशाताईने फक्त निमित्त दिले. आमच्या घरात पिण्याचे पाणी रोज सकाळी बदलते. कालचे उरलेले, कितीही स्वच्छ असले तरी, शिळे म्हणून तुळशीला जाते. महिन्याहून अधिक शिळे झालेले, मध्यंतरी दुधासारखे गढूळ होऊन गेलेले पाणी नवऱ्याच्या उशाशी उभे आहे, हे आई इतके दिवस केवळ माझ्या पदवीकडे पाहून सहन करत होती. जंतुसंसर्गापासून जपा, असे डॉक्टरांनी तिलाही सांगितले होते. जंतू मारायचे म्हणजे उकळायचे, हे तिला ठाऊक होते, आणि तिने ते निर्दोषपणे केले होते.

मी तिला काय म्हणाले ते लिहिण्यासारखे नाही. वाक्ये शास्त्रीय होती, आवाज मात्र तसा नव्हता. तिने साडीचा भिजलेला घोळ पिळला. मग म्हणाली, "पेशंटच्या खोलीत शिळं पाणी ठेवू का मी? याइले डेंगू झाला तर काय करू, ते सांग. तुया त्या किड्याईले विचारू का?"

पलंगावरून बाबा, उजव्या भिंतीकडे पाहत, म्हणाले, "भांडता काऊन? काय झालं?" त्यांच्या हातभर अंतरावर चार फुटांची टाकी रिकामी झाली होती, दुपारभर बादल्या येत-जात होत्या, आणि त्यांना त्यातले काहीच माहीत नव्हते. आईने त्यांच्याकडे पाहिले, मग रिकाम्या काचेकडे. तिला त्या क्षणी आजाराचे स्वरूप माझ्या सगळ्या स्पष्टीकरणांपेक्षा जास्त समजले असावे. ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी तिच्या शेजारी बसले नाही. मी वाळू धुवायला घेतली.

पुन्हा शून्यापासून वाढवायला सप्टेंबर उजाडला असता, आणि तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. उपाय एकच होता: जिवाणूंची तयार वस्ती आणणे. माझ्या जुन्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात वर्षानुवर्षे चालणारी टाकी होती. तिथल्या बाईंना मी फिल्टरमधला जुना स्पंज मागितला. त्यांनी कारण विचारले, ऐकून घेतले आणि एकाऐवजी दोन दिले. काळपट-तपकिरी, चिखलाच्या वासाचे ते स्पंज त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, पिशवीत बांधून मी स्कूटरवरून आणले.

पिशवी उघडल्यावर आई मागे सरकली. मी सांगितले की ही घाण नाही, जे तू उकळलेस ते हेच आहे. तिने स्पंजाकडे बोट दाखवले.

"हे याच खोलीत?"

"याच."

"मग आण अठी," ती म्हणाली, आणि पदराने नाक झाकून तिने स्वतःच्या हाताने ते दोन्ही स्पंज फिल्टरमध्ये बसवले. त्यानंतर तिने टाकीला हात लावला नाही. पुढच्या कोरड्या दिवशी आशाताईला तिने दारातच थांबवून नायट्राइटची गोष्ट सांगितली. क्रम चुकला होता, पण आशय बरोबर होता.

ऑगस्ट लागला तेव्हा अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर होते. आम्ही तळहातापेक्षा लहान असे दोन नारिंगी पॅरट मासे आणले. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, तापमान जुळू दिले आणि ते सोडले. पाणी निर्दोष होते. मासे निरोगी होते. दिवा बरोबर कोनात होता. बाबा उजव्या भिंतीकडे पाहत पडून राहिले.

दुसऱ्या दिवशीही. त्यानंतरही. फिजिओथेरपिस्ट त्यांची हनुवटी धरून मान वळवी. तिने हात काढला की मान परत येई. डावा पाय उचलला जाऊ लागला होता, आणि तीच आता भीती होती, कारण उठण्याची ताकद आलेला पण अर्धे जग नसलेला माणूस घरात हिंडणार होता. मी टाकी थोडी उजवीकडे सरकवायचे ठरवले. त्यासाठी अर्ध्याहून अधिक पाणी ड्रममध्ये काढले, काका आणि शेजारच्यांना बोलावून स्टँड सरकवला, तेच पाणी परत भरले. आता टाकीचे उजवे टोक बाबांच्या नाकासमोर येत होते. ही माझी शेवटची कल्पना होती. यापुढे काय करायचे ते मला माहीत नव्हते आणि मी ते कोणाला सांगितले नव्हते.

त्यानंतरच्या एका सकाळी आई टाकीच्या डाव्या टोकाशी स्टुलावर मेथी निवडत बसली होती. मी नळीत पाणी घेत होते. एक मासा उजव्या काचेजवळ येऊन थांबला, तोंड उघडत-मिटत राहिला. बाबा त्याच्याकडे पाहत होते. टाकी सरकवल्यापासून हे आधीही घडले होते, म्हणून मी आशा धरली नाही. मासा वळला आणि सावकाश डावीकडे निघाला. बाबांची नजर त्याच्यासोबत निघाली. वाळूतल्या दगडापर्यंत गेली, फिल्टरच्या नळीपर्यंत गेली. नळीच्या पलीकडे मासा गेला आणि नजर तिथेच अडली.

"गेला," बाबा म्हणाले.

मी तोंड उघडणार इतक्यात आई बोलली. मेथीवरून मान न उचलता, रोजच्या आवाजात. "गेला नाई जी. अठीच हाये, मायापाशी."

बाबांनी विचारले, "कुठी?"

झटका आल्यापासून त्यांनी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. मीठ नाही, म्हणाले होते. मीठ कुठे आहे, असे कधी म्हणाले नव्हते. ज्याला जागाच नाही त्याचा ठावठिकाणा कोण विचारणार? त्यांची हनुवटी उशीवरून जरा सरकली, दोन बोटे असेल, आणि तिथेच थरथरत थांबली. फिजिओथेरपिस्टचा हात तिच्याखाली नव्हता.

"अठी," आई म्हणाली आणि मेथीची जुडी खाली ठेवून डाव्या काचेवर बोटाने टकटक करू लागली. काचेवर टकटक करू नये. मासे घाबरतात, कोपऱ्यात जाऊन बसतात. मला हे पक्के माहीत होते, आणि मी तिला थांबवले नाही. "अठी पाहा न. अठी."