गेलेल्या गावाला आवतण

माझी आई ज्या गावात जन्मली ते गाव आता कुठेच नाही. लढाईच्या दिवसांत लष्कराला जागा हवी होती. ट्रक आले, गाव उठलं, माणसं वाट फुटेल तिकडे पांगली. आई तेव्हा परकरी पोर. तिच्या मामांनी तिला इकडे कोळवणला आणलं, इथेच तिचं लग्न झालं. आता तिला सकाळचं दुपारी आठवत नाही. ती विसरली की ते गाव दुसऱ्यांदा उठणार, या धास्तीनं मला चैन पडेना.

म्हणून मी तिचं बोलणं टिपायला मोबाइल पुढे धरून बसायचो. "आई, सांग की गावाचं." झालं! बाई ताठ व्हायची, पदर सारखा करायची आणि तहसीलदारापुढे उभी असल्यासारखी म्हणायची, "गाव चांगलं व्हतं." पुढे ढिम्म. मी चिडायचो, मग तीही चिडायची. "तुला काय इकायचंय का ते गाव?"

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका कुणाकुणाला द्यायच्या ते मी आईजवळ बसून मोठ्यानं बोलत होतो. पिरंगुटचे पाहुणे, चांद्याचे व्याही... ती एकदम खेकसली, "अरं, असं आवतण देत्यात व्हय? देवळापासनं सुरू कर. उजव्या हातानं चल."

आमच्या देवळाच्या उजव्या हाताला घरं नाहीत, कुणा पुणेकराच्या फार्महाऊसचं कुंपण आहे. ती कुठल्या देवळाशी उभी आहे हे तेव्हा मला कळलं. मोबाइल तिच्यासमोरच सुरू करून ठेवला. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"हे सुताराचं. हाळी दे."

"जेवायला या हो!"

"येत्याल, पण पोरं लई हायेत, पयल्या पंगतीला बसव. आता कुंभारीण. ती रुसलीया, दोनदा बोलवावं लागतंय."

असं करत आम्ही दोघं अख्खं गाव फिरलो. मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू!

शेवटच्या घराशी ती अडली. "हे ऱ्हाऊ दे."

"का गं? कुणाचं?"

"आमचंच. माझी आजी हितं. समदी ट्रकात बसली, ती उंबरा सोडंना. शिपायांनी उचलून ठेवली. नव्या जागी जगलीच न्हाई."

मग तीच म्हणाली, "इचार तरी. घरचं कार्य हाय."

"आजी, जेवायला या," मी म्हणालो.

आईनं दाराकडे कान लावला.

"न्हाई म्हणती," ती म्हणाली. "घर कुनाच्या हवाली करू, म्हणती."