ओटीचे नारळ आणि वीस किलो

विमानात वीस किलोच सामान नेता येतं, हे मी धाकट्या बहिणीला इतक्यांदा सांगितलं की ती मला वीस किलोच म्हणायला लागली. लग्नानंतर ती पहिल्यांदाच मस्कतला नवऱ्याकडे निघाली होती. बंगळूरहून मुंबई आणि तिथून पुढे.

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी इंजिनियर होतो. तिची बॅग मी तिथल्या मालाच्या काट्यावर तोलली. आईचा लोखंडी खलबत्ता तिला न्यायचाच होता. आई गेल्यापासून तिनं तो कुणाला हात लावू दिला नव्हता. मी तिच्या दोन साड्या आणि पुस्तकं काढली, तेव्हा काटा वीसवर आला. साड्या काढल्याचं मनाला लागून राहिलं, पण हिशेब चोख होता.

आणि निघायच्या दिवशी राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीतल्या बायका तिची ओटी भरायला आल्या. प्रत्येकीचा एक नारळ. माहेरवाशीण निघताना ओटी भरणार, हे मी कसं विसरलो, देव जाणे. ओटीचा नारळ मागे ठेवायचा नसतो, म्हणून माझ्याच हातानं मी ते सगळे बॅगेत कोंबले.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं वजन पाहिलं. म्हणाली, जादा वजनाचे पैसे भरा, नाहीतर सामान कमी करा. तिनं सांगितलेला आकडा ऐकून मी खिशाकडे हातसुद्धा नेला नाही. बॅग उघडली आणि खलबत्ता बाहेर काढला.

"हा मी घरी नेतो. पुढच्या खेपेला घेऊन जा."

बहिणीनं खलबत्ता माझ्या हातातून काढून स्वतःच्या कुशीत घेतला. आमच्या शेजारच्या अक्का सोबत आल्या होत्या. त्यांचं कानडी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच.

"अण्णा, आईची वस्तू ठेवून आमचे नारळ नेणार का?"

"अक्का, ओटीचे नारळ टाकायचे कसे?"

"टाका कोण म्हणतंय? खा म्हणते. जिची ओटी तिनंच फोडले की झालं, सरी? बरोबर ना?"

मग बाहेर, झाडाखालच्या कट्ट्यावर, बहिणीनं आईच्याच बत्त्यानं एकेक नारळ फोडला. पाणी आम्ही आळीपाळीनं प्यायलो. खोबरं टॅक्सीवाल्यांना आणि दारावरच्या पहारेकऱ्याला मिळालं, काउंटरवरच्या मुलीलाही एक तुकडा गेला. तिनं तो खात खातच बॅग पुन्हा तोलली. खलबत्ता आत होता आणि त्याला नारळाची शेंडी चिकटली होती.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली.

"वीस किलो," बहीण माझ्याकडे बघत म्हणाली आणि हसत आत गेली.

संध्याकाळी माझ्या बायकोनं उरलेल्या खोबऱ्याच्या वड्या केल्या. ज्यांनी ओटी भरली त्यांच्या घरी मी त्या खाली मान घालून नेऊन दिल्या. खोबरं कुठलं हे सांगायचा धीर होईना. पण अक्कांनी आधीच सगळीकडे सांगून टाकलं होतं. प्रत्येक दारात एकच प्रश्न आला, "बत्ता पोचला ना नीट?"