वासूने सही केली नाही

रेवसच्या धक्क्यावर बोटीतून उतरलो, तेव्हा वासूसाठी मुंबईहून घेतलेली खोकल्याच्या औषधाची बाटली माझ्या पिशवीत होती. ओळखीच्या टांगेवाल्याने पिशवी घ्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "थळला निघालात न्हवं, मास्तर? रेंजरसायेब काल गेले..." मी तिथेच दोरखंडांवर बसलो. याला आता महिना होऊन गेला.

वासुदेव आणि मी थळच्या शाळेत एका बाकावर बसलो. मी मुंबईत मास्तर झालो. तो जंगलखात्यात शिरला, रेंजर झाला आणि रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या डोंगरांत रमला. दरवर्षी होळीच्या आधी तो जाळरेषा काढून घेई. जंगलात रुंद पट्टे आखायचे आणि त्यांवरचे गवत आपणच कापून जाळून टाकायचे, म्हणजे वणवा तिथवर येतो आणि खायला काही न मिळून मरतो. हे काम डोंगरातले कातकरी मजुरीवर करत. उन्हाळाभर पहाराही तेच देत.

मग मंदी आली. सरकारने काटकसर सुरू केली आणि जाळरेषांची मंजुरी पहिल्याच फटक्यात गेली. वासू वरच्या साहेबांकडे भांडायला गेला. "तुमच्याकडे वर्षानुवर्षं मोठी आग नाही. मग खर्च कशाला?" असे साहेब म्हणाले. मला हे सांगताना वासू हसला होता. "अरे, त्या खर्चामुळेच आग नाही, हे यांना कसं सांगू?"

चैत्रात वणवा आला. वासू गावकऱ्यांना घेऊन ओल्या डहाळ्यांनी आग झोडपत होता. पण वारा समुद्रावरून सुटला होता आणि जाळरेषा गवताने भरून गेल्या होत्या. अख्खी कातकरवाडी जळाली. एक म्हातारी आणि तिची नात झोपडीतच राहिल्या. वासूनेच त्यांना बाहेर काढले... तेव्हा त्या उरल्या नव्हत्या. त्या धुराने त्याची छाती कायमची गेली.

आणि मग पैसा आला! चौकशीचे तंबू आले, साहेबांची मोटार आली, भत्ता घेणारे पोलीस आले. जळालेल्या सागाची किंमत ठरली. वाडीसाठी मात्र तरतूद नव्हती. आग कातकऱ्यांनी मुद्दाम लावली, असा कागद वासूपुढे सहीला ठेवला गेला. समोर म्हातारीचा मुलगा सोमा बेड्या घालून बसवलेला होता. तो एवढेच म्हणाला, "सायेब, मी माज्या आयेला जालीन काय?"

"आग कुणी लावली ते मला ठाऊक नाही," वासू म्हणाला. "ती का अडली नाही ते ठाऊक आहे. तसं लिहा, सही करतो."

त्याच्या साक्षीवाचून खटला उभा राहिला नाही. सोमा सुटला. वासूची नोकरी गेली, पेन्शनही गेली. पुढच्या वर्षीही जाळरेषांना मंजुरी नव्हती.

त्यानंतरची वर्षे त्याने थळच्या नारळीच्या बागेत खोकत काढली. एकदा मी विचारले, "पस्तावलास का रे?" तो म्हणाला, "सहीचं काही नाही... पण मंजुरी गेली त्या दिवशी साहेबांपुढून उठून आलो. आणखी भांडायला हवं होतं."

परवा पुन्हा थळला वासूच्या घरी गेलो. वहिनींनी चहासाठी चूल पेटवली. काडी फुंकून विझवली, मोडून दोन तुकडे केले, त्यांची टोके बोटांनी चाचपून पाहिली आणि मगच टाकली. मी पाहतो आहे हे लक्षात आल्यावर ओशाळून म्हणाल्या, "घरात काडी तशीच टाकलेली त्यांना चालायची नाही. गार झाली की नाही, दरवेळी विचारायचे."