पुंडलिकराव रेकॉर्डी धुतात

साकोलीला हायवेवर एका बँकेचं एटीएम आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर एसीची पेटी, पेटीतून निघालेली पांढरी नळी, नळीखाली पाच लिटरची कॅन आणि कॅनशेजारी दुपट्टा टाकून बसलेले सानगडीचे पुंडलिकराव लांजेवार. वय एक्काहत्तर. दसऱ्यापासून आठवड्यातून दोनदा हा कार्यक्रम चालला होता.

आता एवढ्या वयाचा माणूस एटीएमपाशी दोन-दोन तास बसतो म्हटल्यावर सानगडीनं गप्प राहायचं म्हणजे सानगडीवर अन्यायच. कोणी म्हणालं, म्हातारा बँकेत नोकरीला चिकटला. कोणी म्हणालं, जमिनीचे पैसे मशीनमध्ये ठेवलेत, राखण करतो. शेजारच्या कलाबाईंनी तर पुंडलिकरावांच्या बायकोला, कौशल्याबाईंना, धुणं वाळत घालताना गाठलं.

"लक्ष ठेव वो बाई. माणूस घंटे-दोन घंटे गावाबाहेर बसून रायते म्हणजे कोणी तं असन."

कौशल्याबाईंनी लुगडं झटकलं. "असती तं आंग धुवून गेले असते. हे तं तसेच जातेत."

कलाबाईंचा हिरमोड झाला, पण खरं कारण ऐकून तो दुप्पट झाला असता. पुंडलिकरावांना रेकॉर्डी धुवायला पाणी हवं होतं, बस.

पंचवीसेक वर्षं त्यांनी 'लांजेवार साउंड सर्व्हिस' चालवली. लग्न असो, बारसं असो, दिवाळीनंतर गावागावात भरणारी मंडईची जत्रा असो, सगळ्यात उंच झाडाला भोंगा बांधायचा आणि खाली प्लेयरच्या पेटीपाशी बसून रेकॉर्ड लावायची. भोंगा असा बांधायचे की गाणं तीन गावं पलीकडे जाई आणि मांडवातल्या माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. पुढे कॅसेट आली, सीडी आली, शेवटी गावातल्याच राजकुमारचा डीजे आला, ज्याच्या आवाजानं छपरावरचे कवेलू जागचे हलतात. भोंगे भंगारात गेले. रेकॉर्डी तेवढ्या राहिल्या. दीडशेच्या वर, दोन टिनाच्या पेट्यांत, रस्त्याकडच्या खोलीत.

नेमकी तीच खोली सुनेला हवी होती. सून म्हणजे डिंपल, मुलाची, मनिषची बायको. तिनं साकोलीला सहा महिने पार्लरचा कोर्स केला होता. फिरणारी खुर्ची घेऊनही झाली होती आणि ती ओसरीत प्लास्टिकची पन्नी पांघरून नव्या नवरीसारखी बसली होती. मंडईच्या आधी पार्लर सुरू व्हायलाच हवं होतं, कारण मंडईला गावातली यच्चयावत पोरगी भुवया कोरून घेते.

एक दिवस जेवताना डिंपलनं विषय काढला.

"मामाजी, मी फेका म्हणून नाई रायली. ज्या चांगल्या वाजतेत त्या ठेवा. एका कपाटात मावतीन, कपाट मधल्या घरात ठेवू. पण ज्या खरखर करतेत त्या कायले ठेवाच्या? मंडईच्या आधीच्या रविवारी मी स्वतः आयकीन. खरखरली का गेली."

"सगळ्या वाजतेत," पुंडलिकराव म्हणाले.

"मंग आयकू."

मनिषला दोन्हीकडून जेवायचं होतं, म्हणून तो वरणात भात कालवत राहिला.

पेटी उघडल्यावर पुंडलिकरावांना घाम फुटला. धूळ, बुरशी, बुंदीचा पाक, विडीची राख. काही रेकॉर्डींवर सुई ठेवली की गाणं कुठे आहे ते शोधावं लागे. मग त्यांनी धुवायला काढल्या, आणि पहिल्या दिवशी थेट भांड्याचा साबण आणि नारळाचा काथ्या घेतला. कढई घासावी तशी रेकॉर्ड घासली. कढई निघते तशी ती चकचकीत निघाली आणि वाजवल्यावर कढईसारखीच वाजली. तीन गेल्या.

दुसऱ्या दिवशी काथ्याऐवजी कापूस घेतला आणि बोअरिंगच्या पाण्यानं धुतल्या. वाळल्यावर त्यांच्यावर पांढरे ठिपके उठले, स्टीलच्या गिलासावर उठतात तसे. सुई त्या क्षारावरून जाताना भट्टीत चणे फुटल्यासारखा आवाज.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून स्पिरिट आणलं. ते लावलं सगळ्यात जुन्या, जड, जाड रेकॉर्डीवर, जी वडिलांच्या वेळची होती. कापूस फिरवला तर कापसाला काळं लागायला लागलं. त्यांना वाटलं मळ निघतो आहे. आणखी जोरानं फिरवला. थोड्या वेळानं रेकॉर्डीची चमक गेली, रेषा पुसल्या आणि बोट लावलं तर गुळासारखं चिकटायला लागलं.

कौशल्याबाईंनी लांबूनच पाहिलं. त्यांचं माहेर नागझिऱ्याच्या कडेचं. त्यांचे वडील पळसाच्या फांद्यांवरची लाख खरवडून विकत.

"लाख हाये ते," त्या म्हणाल्या. "सुतार स्पिरिटमंधी लाख विरघळवूनच पॉलिश करते. मले इचारलं असतं तं?"

"तू कुठी होती?"

"इथंच. पंचेचाळीस वर्सापासून."

यानंतर पुंडलिकरावांनी अहंकार गिळून साकोली गाठली. तिथे प्रीतम नावाचा मोबाइल दुरुस्त करणारा मुलगा होता, त्याला असल्या गोष्टींचा नाद. त्यानं सांगितलं: नव्या पातळ रेकॉर्डी प्लास्टिकच्या, त्या जुन्या लाखेच्या. लाखेच्यांना स्पिरिट दाखवायचंसुद्धा नाही. प्लास्टिकच्यांना क्षार नसलेलं पाणी, त्यात लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब, मऊ ब्रश, आणि हात रेषेबरोबर गोल गोल, आडवा कधीच नाही. मधला नावाचा कागद कोरडा राहिला पाहिजे. पुसायचं नाही, टिपायचं. वाळवायची उभी.

क्षार नसलेलं पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं, पण एसीतून फुकट टपकतं आहे ते सोडून विकत घेणं पुंडलिकरावांच्या स्वभावात बसत नाही. म्हणून ते एटीएमच्या मागे. तिथला गार्ड परसराम दोन दिवस बघत होता, तिसऱ्या दिवशी न राहवून जवळ आला.

"बाबाजी, पेऊ नोका बरं हे."

"पेत नाई गा. धुतो."

"काय धुता?"

"गाणे."

परसरामनं मान हलवली आणि त्या दिवसापासून म्हाताऱ्याला बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली.

घरात कारखाना सुरू झाला. डब्यांची दोन प्लास्टिकची झाकणं मधोमध भोक पाडून रेकॉर्डीच्या दोन्ही बाजूंना बसवली, भोकातून नट-बोल्ट घालून आवळली की कागद झाकला जाई. मनिषचा दाढीचा ब्रश गेला. कौशल्याबाईंचं धुऊन धुऊन मलमल झालेलं लुगडं फाडून त्याचे तुकडे झाले. वाळवायला स्वयंपाकघरातला ताटांचा स्टँड घेतला, आणि ताटं आली जमिनीवर.

"रेकाडी बसल्या पाटावर अन् ताटं उतानी," कौशल्याबाई ऐकवत. "जेवाले रेकाडीतच वाढू का आज?"

पण फरक पडत होता. रेकॉर्डी काळ्या कुळकुळीत निघत होत्या. फक्त सनईची एक काही केल्या मानत नव्हती. अर्ध्या गावाची लग्नं त्या सनईवर लागलेली, त्यामुळे अर्ध्या गावाची हळद तिच्या रेषांत जाऊन बसली होती. चार वेळा धुतली. प्रीतमनं शेवटचा उपाय सांगितला: सुताराचा पांढरा गोंद जाड थरात पसरायचा, पूर्ण वाळू द्यायचा, आणि कात टाकल्यासारखा सोलून काढायचा. मळ त्याच्याबरोबर येतो.

त्या आठवड्यात आभाळ भरून होतं, कापलेलं धानसुद्धा वाळत नव्हतं, गोंद कुठला वाळतो? पुंडलिकरावांना दम नव्हता. तीन तासांत सोलायला घेतला. चिंध्या झाल्या. निम्मा हातात आला, निम्मा रेषांत चिकटला, आणि ते नखानं एकेक तुकडा उकरत बसले.

डिंपल दारात येऊन उभी राहिली.

"मामाजी, काय करून रायले?"

"काई नाई."

तिनं जवळ येऊन पाहिलं, वास घेतला. "हे तं पील-ऑफ हाये! ओलं काढलं ना तुमी? चेहऱ्यावरचं असं काढलं असतं तं बाईनं मले कोर्सातून हाकललं असतं. नख काढा पह्यले."

"तुले का करा लागते? तुले तं हे फेकाचीच हाये."

"फेकीन तं आयकून फेकीन. सरका."

तिनं सामानातली ट्यूब आणली, चेहऱ्याला लावायचा पॅक. चपट्या ब्रशनं तो चिकटलेल्या तुकड्यांवरूनच फिरवला, गोल गोल, कागद सोडून, आणि कडेला मुद्दाम जाड, पकड मिळावी म्हणून. पंख्याखाली ठेवली. "उद्या दुपारपर्यंत हात लावाचा नाई," असं सासऱ्याला गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. पुंडलिकराव चार वेळा जाऊन बघून आले. हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी डिंपलनं कडेला नख घालून हळूच ओढलं. पॅक अख्खा निघाला, पापुद्र्यासारखा, जुना गोंद पोटात घेऊन. उजेडात धरला तर रेषान् रेषा दिसत होती, आणि मळाच्या मधोमध एक स्पष्ट पिवळा अंगठा.

"हा कोणाचा?"

पुंडलिकरावांचे डोळे चमकले. "मधुकररावाचा. सोताच्या लग्नात हळदीच्या हातानं उठून रेकाडच धरली अन् म्हणते कसा, सनई बंद कर, सिनेमाचं लाव. नवरीकडली सगळी माणसं पाहून रायली. त्याच्या सासऱ्यानं मांडवातच त्याले धरून बसवलं."

"आता तं मंदिरात तेच सगळ्याले चूप बसवतेत!" डिंपल खुर्चीचा दांडा धरून हसली.

ठरलेला रविवार आला. प्रीतमनं प्लेयरला एक लहानसा स्पीकर जोडून दिला होता. डिंपल पन्नी काढलेल्या खुर्चीत बसली, कौशल्याबाई तांदूळ निवडत उंबऱ्यावर. पुंडलिकरावांनी पहिली रेकॉर्ड लावली आणि त्यांचं त्यांनाच काही तरी झालं. जन्मभर त्यांनी आपल्या रेकॉर्डी झाडावरच्या भोंग्यातून ऐकल्या होत्या, गलका करणाऱ्या मांडवात. चार भिंतींच्या आत, एवढ्या जवळून, त्यांनी त्या कधी ऐकल्याच नव्हत्या. मागे कोणी तरी झांज वाजवतं आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"पास," डिंपल म्हणाली. दुसरी पास. तिसरीला थोडी खरखर होती.

"चालते एवढं," डिंपल म्हणाली.

"नाई चालत," पुंडलिकराव म्हणाले आणि काढून पेटीत टाकली.

डिंपलला वाटलं म्हातारा रुसला. पण चौथी, सहावी, सातवीही त्यांनीच काढली. तिला ऐकू येत नव्हतं ते त्यांना ऐकू यायला लागलं होतं. "राहू द्या ना मामाजी," ती म्हणे, आणि ते मान हलवत. एकेकीचं थोडं थोडं ऐकून दुपारपर्यंत डिंपलच्या कानानं सत्तर राहिल्या असत्या. पुंडलिकरावांच्या कानानं एकतीस राहिल्या.

शेवटी सनई. स्वच्छ, गोड, पाण्यासारखी वाजली. संपायच्या जरा आधी मात्र दहा-बारा फेऱ्यांना एकेक टिक.

डिंपलनं ती काढून हातात घेतली. पुंडलिकरावांनी हात पुढे केला. "दे इकडे."

"काहून? हे नाई जाणार."

"टिकटिक करते. तूच म्हणली होती ना, खरखरली का गेली?"

"टिकटिक म्हणजे खरखर नाई. अन् हिले मी पॅक लावला हाये."

"पॅक लावला म्हणून का पास झाली?"

"माह्या खोलीत टिकटिक करन. तुमच्या कपाटात नोको."

"आधी माह्या ताटाईले जागा द्या," कौशल्याबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या, "मंग भांडा."

संध्याकाळी पुंडलिकरावांनी स्वतः हात लावून दोन्ही पेट्या कबाडीच्या हातगाडीवर चढवल्या. एकतीस रेकॉर्डी मधल्या घरातल्या कपाटात गेल्या. सनई पार्लरच्या फळीवर, क्रीमच्या बाटल्यांच्या मधे उभी राहिली, आणि डिंपल दुपारी ती लावते. मंडईच्या आधी पहिलंच गिऱ्हाईक आलं, गल्लीतली प्रेरणा. तिच्या भुवयांना दोरा लागलेला असताना पुंडलिकरावांनी दारातून डोकं आत घातलं.

"त्या सनईकडे लक्ष नोको देऊ वो पोरी," ते म्हणाले. "ते आमच्या कपाटातली नाई."