सक्करदऱ्याचा एकुलता एक कूलर

आता हसणार असाल तर आधीच हसून घ्या. मोठमोठ्या मंत्र्यांना जमली नाही ती फजिती माझी सांभाराच्या एका जुडीने केली! सांभार म्हणजे कोथिंबीर हो, पुणेकरांसाठी सांगतो.

सत्तरच्या दशकातला नागपूरचा मे. आमच्या पेपरकडे तक्रार आली: सहकारी भांडाराच्या प्रतापनगर शाखेत भाजी टवटवीत आणि सक्करदऱ्यात रॅक रिकामे! माझं डोकंच फिरलं. पहिल्या पानावर जागा राखायला सांगूनच निघालो.

प्रतापनगरात पालक खरंच ताजा. सक्करदऱ्यात? नुसते कांदे-बटाटे. बाहेर उन्हात बायकांची रांग. मॅनेजर वानखेडे बनियनवर, पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले. आणि आतल्या बंद खोलीत कूलरची घरघर!

म्हणजे आत बडे साहेब आडवे झालेत. दुसरं काय असणार?

"दार उघडा!"

"चार वाजता उघडतो जी."

"काहून? झोपमोड होते कोणाची?"

ढकललं दार, उंबऱ्यात पाय रोवला, खोलीकडे पाठ केली आणि रांगेपुढे भाषण ठोकलं. जनतेला लूचे चटके आणि साहेबांना खस-वाळ्याचा थंडावा? हा कुठला सहकार?

रांगेतून आरडाओरड सुरू झाली. मला वाटलं, जनता पेटली! मी आणखी चढलो. वानखेडे हात जोडू लागले. वाटलं, गुन्हेगार शरण आला!

शेवटी एक बाई थेट अंगावर आली. "अहो भाऊ, भाषण बाहेर करा ना! दार लावा! सांभार सुकून राहिला ना जी!"

वळून पाहिलं. साहेब कुठले? ओल्या गोणपाटांवर पालक, चवळी, सांभार पसरलेला.

"आमच्या निम्म्या बाया कामावरून चारले सुटतात," वानखेडे म्हणाले. "सकाळीच इकलं तर त्याईले काय ठेवू, देठं?"

म्हणून स्वतःच्या टेबलामागचा कूलर काढून त्यांनी भाजीला लावला होता. शहरभर हिंडलो, पण गिऱ्हाइकासाठी आपला वारा सोडणारा मॅनेजर एवढाच पाहिला! आणि त्याची भाजी माझ्या भाषणाने माना टाकून पडली होती.

पहिल्या पानावर साबणाची जाहिरात गेली. मी सगळ्यांत मलूल जुडी विकत घेऊन मुकाट घरी आलो.

बायकोने ती दोन बोटांत धरली. "हे काय आनलं? सक्करदऱ्यात असा माल देऊन राहिले? छापा ना मंग पेपरात, ज्यानं केलं त्याचं नाव घालून!"