उलटा फेर

तारपा, म्हणजे भोपळ्याचं आणि बांबूचं ते लांब वाद्य, वाजवणाऱ्याला दोन गोष्टी लागतात. गालात हवा साठवायची ताकद, आणि नाकानं श्वास घेत असतानाही तोंडानं फुंक चालू ठेवायची अक्कल. पोशेऱ्याजवळच्या पाड्यावर राहणाऱ्या सावळा तारपकऱ्याकडे दोन्ही होत्या. त्याच्या मुलाकडे, मंगळ्याकडे, नुसतीच अक्कल होती. लहानपणापासून त्याची छाती भरायची. सावळानं दोन हंगाम नेटानं शिकवून पाहिलं, आणि मग तारपा आढ्याला असा उंच टांगला की पोराचा हात पोचू नये. रागानं टांगला असं मंगळ्या समजला. खरं म्हणजे पोराला खोकताना बघवत नव्हतं, पण हे सांगायला सावळाला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंडाचा उपयोग त्यानं जन्मभर फुंकण्यापुरताच केला.

घरची जमीन नव्हती. दिवाळी झाली की पाडा वीटभट्टीवर जायचा. मंगळ्याच्या छातीला तिथली धूळ सोसेना, म्हणून चौऱ्याण्णव साली आईनं त्याला जव्हारला रोहिदासच्या लाऊडस्पीकरच्या दुकानात चिकटवलं. रोहिदास बोलका, खटपट्या माणूस. भाऊ मास्तर, चुलता कारकून, आणि हा भोंगे भाड्यानं देणारा, त्यामुळे घरात त्याची किंमत बेताचीच. एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून त्यानं एक जुना कॅसिओ उचलून आणला होता. तीन पट्ट्या बसलेल्या, झाकण गेलेलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मंगळ्या त्याच्याशी खेळत बसायचा.

सगळे कॅसिओवर सिनेमाची गाणी काढतात. मंगळ्यानं बाची चाल काढली. अडचण एकच होती. तारप्याचा आवाज तुटत नाही, आणि पट्टीवरचं बोट उचललं की कॅसिओ गप्प. मग त्यानं आगपेटीची काडी घेतली आणि एक पट्टी दाबून तिच्या फटीत ती खोचली. तो सूर घुमत राहिला. दुसऱ्या हाताला चाल वाजवायला मोकळीक मिळाली. सावळाच्या फुगलेल्या गालांचं काम एका काडीनं केलं. मंगळ्याला त्या दिवशी इतका आनंद झाला की तो दुकान बंद करायचं विसरला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं रोहिदासच्या शिव्या खाल्ल्या.

त्याच उन्हाळ्यात वाजवायला मिळालेलं पहिलं लग्न मोखाड्याच्या बाजूचं होतं. मांडवाच्या कडेला टेबल, टेबलावर कॅसिओ, शेजारी ढोलक. तारपा खरा भात पिकल्यावरचा, लग्नाच्या दिवसांत तो कोणी काढत नाही. पण कॅसिओला भोपळा नाही, बांबू नाही, त्याला हंगामाचा नेम कसला, असं म्हणून म्हाताऱ्यांनी ते चालवून घेतलं. नाचायला मात्र कोणी उठेना. कारण साधं होतं. पाड्यावर तारपकरी मधे उभा राहतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. वाजवणाऱ्याला पाठ दाखवायची नाही, हा नियम. टेबल कडेला, तर फेर धरायचा कुणाभोवती? अर्ध्या लोकांची पाठ टेबलाकडे होणारच.

मंगळ्यानं इकडेतिकडे पाहिलं, पोत्याची पट्टी कॅसिओला बांधली, तो गळ्यात अडकवला आणि मांडवाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. वायर नाचणाऱ्यांच्या पायात येऊ नये म्हणून दोन बांबूंवरून डोक्यावरून घेतली. बायकांनी लगेच एकमेकींच्या कमरेत हात घातले. त्या फेरात सावळाही होता. मुलाच्या वाजवण्यावर तो पहिल्यांदाच नाचत होता, आणि मंगळ्या दर फेरीला बाचा चेहरा कधी समोर येतो याची वाट बघत होता.

पण तारपकरी एका जागी उभा राहत नाही. फेराबरोबर तोही फिरतो, त्याच्या वळणावर पावलं बदलतात. मंगळ्या फिरला, तशी वायरही त्याच्याभोवती फिरली. सहा-सात फेऱ्यांत तो दोर आवळलेल्या भाऱ्यासारखा झाला. हात हलेनात. कोणी आत जाऊन वायर सोडवली असती तर भागलं असतं, पण फेराच्या मधल्या जागेत तारपकऱ्याशिवाय कोणी पाय ठेवत नाही. ढोलकवाला नुसताच हातवारे करत राहिला. शेवटी मंगळ्याला जे सुचलं ते त्यानं केलं. तो उलटा फिरायला लागला. पाय उलटे पडले तशी बोटंही उलटी पडली, चाल शेवटाकडून सुरुवातीकडे आली, आणि तरण्या पोरांनी एक आरोळी ठोकून अख्खा फेर उलटा फिरवला. असलं काही त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. कधी सुटते वायर असं मंगळ्याला झालं होतं, आणि पोरांना वाटत होतं की ही सुटूच नये.

सावळा फेरातून बाहेर पडला. हात सोडले, चपला घातल्या आणि निघाला. मंगळ्या वाजवणं आटोपून धापा टाकत मागे गेला, तर तो वाटेवर उभा होता.

"उलटा फिरतात ते मैताला," सावळा म्हणाला.

एवढंच. वायरीची अडचण सांगायला मंगळ्यानं तोंड उघडलं, पण खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबेपर्यंत बा वळणापलीकडे गेला होता. त्यानंतर मंगळ्याच्या वाजवण्यावर सावळानं कधी पाऊल टाकलं नाही. घरात बोलणं होतं, जेवण ताटलीला ताटली लावून होतं, पण कॅसिओ पोत्यातून निघाला की सावळा बाहेर जाऊन बसायचा.

इकडे त्या उलट्या फेराला पाय फुटले. रोहिदास लग्नात टेप लावून ठेवायचा आणि दुकानात कॅसेटी भरून द्यायचा. वर कसलं चित्र नाही, नाव नाही, नुसतं बॉलपेननं 'मंगळ्या पार्टी, बाजू एक'. कॅसेटवरून कॅसेट भरली जायची, तिच्यावरून तिसरी, आणि तिसरीत ढोलकाचा आवाज पावसात ऐकल्यासारखा यायचा. तरी लोक न्यायचे. भट्टीवर जाणारी माणसं कपड्यांच्या गाठोड्यात कॅसेट घालायची. वसईकडच्या, भिवंडीकडच्या भट्ट्यांवर सुट्टीच्या दुपारी आमचा मुलूख उलटा फिरत होता, आणि शेजारच्या इमारतीतल्या लोकांना वाटायचं, मशीन बिघडलंय. रेडिओवर ते कधी लागलं नाही. जव्हारच्या शाळेच्या गॅदरिंगला एका पोरानं लावलं, तर मास्तरांनी पाच मिनिटांत बंद केलं. दुसरे कॅसिओवाले टेबलाशी खुर्ची टाकून वाजवायचे, त्यांची वायर कधी गुंडाळली जात नव्हती, तरी सहा फेऱ्या झाल्या की तेही उलटे वाजवायचे. का, असं विचारलं तर म्हणायचे, चालच तशी आहे.

मंगळ्याला वायरीला गरगर फिरणारा खटका बसवता आला असता, वायर लांब घेता आली असती. रोहिदासनं सुचवलंही. पण तोवर लोक त्या उलट्या फेरासाठीच बोलवत होते, आणि खरं सांगायचं तर मंगळ्यालाही आरोळीची चटक लागली होती. त्याची बायको सखी एकदा म्हणाली की बाला आवडत नाही तर तेवढं सोडून द्या. त्यावर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. ज्याचं दुखतं त्यालाच बोट लावलेलं सहन होत नाही.

दोन हजार तीन साली ठाण्याहून एका कॅसेट कंपनीचा माणूस आला. भट्टीवरच्या कुणाकडून तरी त्यानं ते ऐकलं होतं. त्यानं मंगळ्याला आणि रोहिदासला स्टुडिओत नेलं. काचेची खोली, भिंतींना गादी, कानाला डबे. मंगळ्यानं काडी खोचली आणि सुलटी चाल सुरू केली, तर काचेपलीकडून हात वर झाला. सुलटं नको, नुसतं उलटं हवं. मंगळ्यानं समजावलं की आधी सुलटं आल्याशिवाय उलटं होत नाही. माणूस हसला. त्यानं उलट्या चालीचा चमचाभर तुकडा घेतला आणि कॉम्प्युटरनं तो चार मिनिटं पुढेमागे जोडला. खाली धाडधाड ठोका टाकला. वर एका मुलीनं अर्धं मराठी, अर्धं हिंदी काहीतरी म्हटलं. मंगळ्याला प्रवासखर्च, जेवण आणि मनगटी घड्याळ मिळालं. सीडी आली तेव्हा तिच्यावर पानांचे घागरे घातलेल्या गोऱ्या पोरी होत्या, आणि चालीच्या जागी लिहिलं होतं : पारंपरिक.

ते गाणं मग सगळीकडे लागलं. गणपतीत, वाढदिवसाला, क्रिकेटच्या सामन्यात. ज्या मास्तरांनी बंद केलं होतं त्यांनीच गॅदरिंगला त्यावर मुलींचा नाच बसवला. शिरपामाळावर फिरायला आलेली मंडळी गाडीची दारं उघडी टाकून त्यावर नाचत होती. मंगळ्या तिथून जात होता तर त्यातल्या एकानं त्याला थांबवून सांगितलं की हे तुमचं संगीत हजारो वर्षांचं आहे, जपा. मंगळ्यानं मान हलवली. नऊ वर्षं झाली, असं त्याच्या ओठावर आलं होतं, पण एवढ्या प्रेमानं बोलणाऱ्या माणसाला कशाला खोटं पाडायचं?

आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्नांना मंगळ्याला बोलावणं आलं नाही. टेम्पोत मावतील तेवढे स्पीकरचे खोके आणि एक सीडी, एवढ्यात लग्न उरकू लागलं. रोहिदासनंही भोंगे विकून डीजे घेतला. मंगळ्या त्याच्याकडे खोके उचलायला आणि बटण दाबायला राहिला. स्वतःची चाल तो स्वतःच बटणानं सुरू करायचा. कॅसिओ घरी पोत्यात गेला.

दोन हजार सहाच्या वैशाखात धाकट्या बहिणीचं, भारतीचं लग्न निघालं. रोहिदासनं डीजे फुकट पाठवला, वर स्वतः आला. दुपारी जेवणं झाल्यावर मंगळ्यानं बटण दाबलं. पोरं खोक्यांसमोर गर्दी करून उड्या मारू लागली. फेर नव्हताच. म्हाताऱ्या कडेला बसून होत्या, आणि मांडवाच्या मधोमध शेणानं सारवलेली जागा रिकामी पडली होती. हळदीच्या अंगानं भारती त्या जागेकडे बघत होती.

सावळा उठला. आता त्याची फुंक गेली होती, चार वर्षांत तारपा खाली उतरला नव्हता. तो खोक्यांपाशी आला आणि त्यानं मुलाला विचारलं, "मधी कोन हाय?"

मंगळ्या म्हणाला, "कोनी नाय, बा."

सावळानं हातानं खूण केली, बंद कर. पोरांनी ओरड केली. तो घरात गेला आणि पोतं घेऊन बाहेर आला. कॅसिओ त्यानं स्वतः मुलाच्या गळ्यात घातला. पट्टी कुजली होती, म्हणून डोक्याचं फडकं सोडून तिथे बांधलं. रोहिदासनं वायर दोन बांबूंवरून मधे आणून दिली. मंगळ्यानं आगपेटी काढली. काडी खोचताना दोन मोडल्या.

"बा, वायर गुंडाळंल. मंग उलटा फिराया लागंल."

"उलटा नको फिरू," सावळा म्हणाला. "वायर मी धरतू."

आणि तो मधल्या जागेत आला. त्याला कोण अडवणार होतं? ती जागा त्याचीच होती. मंगळ्यानं चाल धरली, बायकांनी कमरेत हात घातले, फेर वाढत मांडवाच्या खांबांना लागला. मंगळ्या वळला की सावळा वायर दोन्ही हातांनी उचलून त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा. पुन्हा वळला की पुन्हा. एवढं सोपं होतं ते. बारा वर्षांत एका माणसानं मधे यायला हवं होतं, आणि पाड्यावर तसा हक्काचा माणूस एकच होता. मंगळ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात पट्ट्यांवर असल्यानं ते पुसता येत नव्हतं.

सहा फेऱ्या झाल्या. पोरं आरोळी तोंडात धरून थांबली. सात झाल्या, आठ झाल्या. उलटं काही येईना, तशी एकेक करून तीही फेरात शिरली. सावळाचे हात दुखायला लागले तेव्हा त्यानं वायर एका हातात घेतली, दुसरा जरा झटकला, आणि मुलगा पुन्हा वळायच्या आत दोन्ही हात वर केले.