गव्हाची बोलणी

माझ्या लग्नाची बोलणी अमेरिकेच्या गव्हावरून फिसकटली, असं मी सांगितलं की लोक हसतात. हसू देत. त्या रविवारी दुपारी भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत कुणालाच हसू येत नव्हतं.

तेव्हा मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, परगावचे ट्रंक कॉल जोडून द्यायचे. बाबा गिरणीतले. संप झाला, आणि संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. धाकटा भाऊ इंजिनीअरिंगचा डिप्लोमा करत होता. घर माझ्या पगारावर चालायचं. हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नसे. एक तारखेला मी पाकीट आईच्या हातात द्यायचे आणि बाबा त्याच वेळी नेमके गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

माझी तिशी जवळ येत चालली होती. बरीच मुलं बघून गेली होती आणि जाताना ‘कळवतो’ म्हणाली होती. ज्यांच्या घरात मुली आहेत त्यांना या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. कुणाला माझा रंग खटकला, कुणाला रात्रपाळी, कुणाला आमच्या दोन खोल्या. प्रत्येक वेळी आई म्हणायची, योग नव्हता. मला त्या योगाचा मनापासून संताप यायचा.

हा मुलगा मुलुंडचा होता. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन. आई लहानपणीच गेलेली, घरात तो आणि त्याचे वडील. बघायला आला तेव्हा त्याने मला एकच प्रश्न विचारला होता, “रात्रपाळी असली की जेवता कधी?” बाकीच्यांनी नोकरी सोडाल का किंवा नोकरी सोडणार नाही ना, यातलंच काहीतरी विचारलेलं. मला तो आवडला होता. सरळ सांगते, मला हे लग्न हवं होतं.

त्यांचा होकार आला आणि पुढच्या रविवारी बैठक ठरली. देण्याघेण्याचं काही नव्हतं, मुलाच्या वडिलांनी ते आधीच सांगून टाकलं होतं. अडचण वेगळीच होती. भावाचं शिक्षण होईपर्यंत माझा अर्धा पगार माहेरी यावा, अशी बाबांची अट होती. पण ती तोंडाने सांगणार कोण? मुलीच्या पगाराचा वाटा मागायचा म्हणजे मान खाली घालायची, आणि बाबांची मान त्या कामासाठी घडलेलीच नव्हती. शेवटी मामाने, आईच्या भावाने, ते अंगावर घेतलं. चहा झाला की मी हळूच विषय काढतो, म्हणाला.

चहा व्हायच्या आतच घोटाळा झाला. स्टुलावर त्या दिवशीचं वर्तमानपत्र पडलं होतं. मुलाचे वडील एका परदेशी औषध कंपनीत हेडक्लार्क होते, इस्त्रीच्या शर्टातले, चष्मा पुसत बोलणारे. त्यांनी पेपर उचलला, आतलं पान उघडलं आणि म्हणाले, “घ्या. अमेरिकेला शिव्या घालायच्या आणि खायचा मात्र अमेरिकेचाच गहू. रशियाचा पुन्हा करार.”

त्यांना काय माहीत की आपण हे कुणासमोर बोलतोय. बाबा युनियनमधले. रशियातून येणारं गुळगुळीत कागदाचं मराठी मासिक आमच्याकडे नेमाने यायचं. माझ्या आणि भावाच्या सगळ्या वह्यांना त्याच कागदाची कव्हरं असायची, त्यामुळे आमच्या भूगोलाच्या वहीवरही ट्रॅक्टर आणि गणिताच्या वहीवरही ट्रॅक्टर. रशियाविषयी वावगा शब्द म्हणजे बाबांना आपल्याच भावकीविषयी बोलल्यासारखं वाटे.

मी आत स्वयंपाकघरात कप मांडत होते. बाबांचा आवाज ऐकला आणि मला कळलं, आता हे थांबत नाहीत.

“खायचा म्हणजे फुकट नाही हो,” बाबा म्हणाले. “रोख मोजून घेतात. मागे अफगाणिस्तानवरून भांडण झालं तेव्हा अमेरिकेने गहू बंद केला होता. मग ओरडलं कोण? अमेरिकेचे शेतकरी! रशियाने दुसरीकडून घेतला. बंदी घातली अमेरिकेने आणि उठवायला लागली तीही अमेरिकेलाच.”

“रोख कुठून आणतात? सोनं विकून. एवढा मोठा देश, आकाशात रॉकेटं सोडतो आणि पावाला महाग. याला करार म्हणायचं? ही गरज आहे गरज.”

“विकणाऱ्याला गरज नसते वाटतं?”

“विकणारा चार ठिकाणी विकेल.”

“चार ठिकाणी विकता आला असता तर शत्रूला कशाला विकला असता?”

मुलगा मध्येच हळू आवाजात म्हणाला, “दोघांचंही भागत असेल, म्हणूनच करतात ना करार.”

“तू गप रे,” त्याचे वडील म्हणाले, आणि बाबाही त्याच क्षणी म्हणाले, “तसं नसतं ते.” त्या दुपारी दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच बाबतीत.

मामा दोनदा खाकरला. एकदा त्याने पाण्याच्या टंचाईचा विषय काढून पाहिला. त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. आई गॅस बारीक करून दाराशी जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे वळून कुजबुजली, “आता ह्यांका आवरतलो कोण?” माझं कामच असं की दोन माणसं फोनवर कितीही भांडोत, आपण मध्ये तोंड घालायचं नाही, फक्त वेळ संपली की तेवढं सांगायचं. इथे तेही सांगायची सोय नव्हती.

मुलाच्या वडिलांचा आवाज आता चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि तोच मला जास्त लागत होता. “हे बघा,” ते म्हणाले, “करारावर काय लिहिलंय त्याला काही अर्थ नसतो. उद्या तो मोडला तर कुणाच्या घरची चूल पेटणार नाही, ते बघायचं. ज्याची चूल दुसऱ्याच्या धान्यावर पेटते ना, त्याने आवाज चढवू नये.”

आमची चूल कुणाच्या पगारावर पेटते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते मुद्दाम म्हटलं की बोलता बोलता निघून गेलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मला बाबा दिसत नव्हते, पण खुर्ची करकरली, म्हणजे ते पुढे सरकले असणार. त्यांच्या वर्मी लागलं होतं. वर्मी लागलं की बाबा समोर काय आहे ते न बघता धावतात.

“दुसऱ्याच्या धान्यावर?” ते म्हणाले. “अहो, माल पडून होता त्यांचा! वर्षानुवर्षं गोदामात पडून. कुणी हात लावायला तयार नव्हतं. मग काय करणार? मिळेल तो भाव घेतला आणि मारला गळ्यात. घेणाऱ्याचे उपकार माना म्हणावं, उपकार!”

आई तोंडावर हात घेऊन खालीच बसली.

मला आधी काही वाटलंच नाही. हातातला कप मी बशीत नीट ठेवला, कान एका बाजूला येईल असा फिरवला. मग कानशिलं तापली. शेजारच्या खोलीतला रेडिओ ऐकू येत होता.

मुलाच्या वडिलांनी पेपरची घडी केली, तिचा आवाज आला. “हे तुम्ही म्हणालात,” ते म्हणाले. “मी नाही.”

“गव्हाचं चाललंय हो,” मामा घाईघाईने म्हणाला. “गव्हाचं.”

त्याने तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं. त्याच्या त्या वाक्याने उरलीसुरली शंकाही फिटली. कुणीतरी उठलं, कुणीतरी चपला पायात घातल्या. “निघतो आम्ही,” मुलाचे वडील म्हणाले. “कळवतो.”

चहा तसाच राहिला. मी बाहेर आले तेव्हा खोलीत बाबा आणि मामाच होते. बाबा मांडीवर हात ठेवून फरशीकडे बघत होते. मी ट्रे स्टुलावर ठेवला.

“पगाराचं काढायचं होतं ना?” मी विचारलं.

“मला बोलू कुठे दिलं?” मामा म्हणाला.

“मी गव्हाबद्दल बोलत होतो,” बाबा म्हणाले.

“माहीत आहे. म्हणूनच मनातलं बाहेर आलं.”

“तसा नाय गो,” असं काहीतरी ते पुटपुटले. बाबा मालवणीत बोलायला लागले की समजायचं, माणूस हरला. पण मला त्या दिवशी त्यांना सोडायचं नव्हतं. इतकी वर्षं ‘कळवतो’ ऐकून घेतलं होतं ते परक्यांकडून. आज घरातल्याच माणसाने मला गोदामात नेऊन ठेवलं होतं.

“बाबा, मला एवढंच सांगा,” मी म्हटलं. “हे लग्न मोडलं तर कुणाचं अडणार आहे? आणि जमलं तर कुणाचं अडणार आहे?”

ते ओरडतील असं मला वाटलं होतं. मी त्याच तयारीत होते. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, “जमला तर आमचा. तू गेलंस काय ह्या घराचा काय होतला, ता माका रात्रंदिवस खाता.”

मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला. भांडायला आलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्याने आपली लाजच काढून ठेवली तर त्याने काय करायचं?

“मग हे त्यांना सांगायचं होतं,” मी म्हटलं. “रशियाला कशाला मध्ये घातलंत?”

बाबा उठले, चपला घातल्या आणि जिना उतरून गेले.

आमची गॅलरी रस्त्याच्या बाजूला होती आणि समोरच बसस्टॉप. ते दोघे बापलेक तिथे उभे होते. कामावर मला फोनवरची माणसं दिसत नसत, नुसती ऐकू येत. त्या दिवशी दिसत होती आणि ऐकू काहीच येत नव्हतं. बाबा जाऊन समोर उभे राहिले. मुलाच्या वडिलांनी मान दुसरीकडे वळवली. बाबा बोलत राहिले, हात न हलवता, आणि बाबांना हात न हलवता बोलताना मी तोवर कधी बघितलं नव्हतं. बऱ्याच वेळाने त्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तेही बोलू लागले. मग बाबांनी मान हलवली. मग त्यांनी. आणि मग चक्क दोघेही हसले, बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“जमलं!” माझ्या शेजारी मामा म्हणाला. आईने हात जोडले.

जे मला हवं होतं ते खाली रस्त्यावर झालेलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. उलट मला राग आला होता. दोघांपैकी एकानेही मान वर करून गॅलरीकडे बघितलं नव्हतं. मुलगा जरा बाजूला उभा होता. तो बघत होता.

मी निघाले. “अगो, खंय चललंस?” आईने विचारलं. मी घरातल्याच साडीवर जिना उतरले, रस्ता ओलांडला.

“ठरलं हो,” बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मला बघवेना. “भावाचं शिक्षण होईपर्यंत अर्धा पगार आपल्याकडे, अर्धा यांच्याकडे. यांच्या घरातही बाईमाणूस नाही, दोन पुरुषांचे हाल होतात. यांनाही नड आहेच. मोकळेपणी बोलले ते.”

“नड कुणाला नसते?” मुलाचे वडील म्हणाले. “आधीच बोललो असतो तर चहा तरी मिळाला असता.”

“अर्धा तिकडे, अर्धा इकडे,” मी म्हटलं. “मग माझ्याकडे काय राहिलं?”

अमेरिका-रशियावर एवढं बोललेली ती दोन माणसं आता बस येते का ते बघू लागली.

“तुमच्या दोघांचं ठरलं,” मी म्हटलं. “माझं अजून काही ठरलेलं नाही.”

मुलुंडची बस आली. मुलाने वडिलांच्या दंडाला धरलं, “तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो,” म्हणाला आणि त्यांना आत चढवलं. ते खिडकीतून बघत राहिले. मी बाबांना म्हटलं, “तुम्ही वर जा.” ते जरा घुटमळले, मग गेले.

बस सुटली. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. इतक्या जवळून मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. कपाळावर घाम आला होता.

“तुम्हाला पगार किती ठेवायचाय?” त्याने विचारलं.

“सगळा,” मी म्हटलं. “मग कुणाला किती द्यायचा ते मी ठरवीन.”